बदललेल्या बंदुकीचे मोल

जुन्या लष्करी बंदुकांची पारख करणारांचा एक ठाम दंडक आहे. बंदूक कारखान्यातून जशी निघाली तशीच ती हाती आली पाहिजे. दस्ता मूळचा हवा, नळी मूळच्या लांबीची हवी, निरनिराळ्या भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळावयास हवेत. कोणी दस्त्याचे लाकूड कापून बंदूक हलकी केली, नळी आखूड केली, माशी बदलली, की किंमत उतरलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत शिल्लक लष्करी रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि हजारो हौशी लोकांनी त्यांना शिकारी रूप दिले. कारागिरास मजुरी भरपूर मोजली. पण आज त्याच रायफलींना न बदललेल्या रायफलीपेक्षा कमी पैसे येतात.

बाजारापुरता हा दंडक खरा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो जसाच्या तसा उचलू नये असे आम्हांस वाटते. तलवारीच्या बाबतीत आपण तो कधीच लावला नाही. युरोपातून आलेल्या पात्याला येथल्या शिकलगाराने येथली मूठ बसविली, त्या तलवारीला मराठ्यांनी ‘फिरंग’ म्हटले आणि मानाने कमरेला लावले. मूठ बदलली म्हणून ती बाटली असे कोणी म्हणत नाही. मग बंदुकीनेच काय पाप केले आहे?

बदल कोणी केला आणि कशासाठी केला, हे पाहिले म्हणजे बंदूक बोलू लागते. याचे सर्वांत बोलके उदाहरण साताऱ्याच्या माणसाने विसरू नये असे आहे. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. रंगो बापूजींनी गादीसाठी केलेली धडपड आणि सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडामाळावर सतरा जणांना झालेला देहान्त आपणांस ठाऊक आहे. त्या वेळी कंपनीच्या फौजेत १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक येऊ लागली होती. ती ठासणीचीच, पण तिच्या नळीत आतून तीन वळणदार खाचा असत. त्यामुळे गोळी फिरत जाई आणि नेम लांबवर बसे. मागच्या नेमपट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांची कथा शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. पुढे काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. १८५८ साली सरकारने हिंदी शिपायांसाठी निराळा नमुना ठरविला. बाहेरून पाहावे तर तीच एन्फील्ड. आतून मात्र खाचा कोरून काढून नळी गुळगुळीत आणि रुंद केलेली. लांबच्या खुणांची नेमपट्टी जाऊन तेथे साधी ठोकळ्यासारखी पट्टी आली. शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा उरला नाही. गोऱ्या शिपायाच्या खांद्याला खाचांची बंदूक, काळ्याच्या खांद्याला बिनखाचांची! अविश्वासाचा इतका स्पष्ट दस्तऐवज कोणत्या दफ्तरात सापडेल? नळीत बोट घालून तो वाचता येतो.

हीच रीत पुढेही चालली. १८६६ पासून इंग्लंडात जुन्या एन्फील्डची मागची बाजू कापून, स्नायडरच्या युक्तीने ती मागून भरता येईल अशी केली गेली. हिंदी पलटणींना ती मिळाली तेव्हा गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्रीकडे वळल्या होत्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या महायुद्धात पडले. तोवर .३०३ ची ली-एन्फील्ड हिंदी शिपायाच्या हाती आली होती. पण इकडे पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात त्याच रायफलीच्या नळ्या गुळगुळीत करून.४१० च्या ‘मस्केट’ बनविल्या गेल्या. काडतुसांच्या पेटीची जागा लाकडाने बुजविली, म्हणजे एका वेळी एकच बार निघावा. ती लोकांच्या हाती पडली तरी पल्ला आणि वेग बेताचाच राहावा, ही काळजी त्यात दिसते.

ती काळजी अनाठायी नव्हती, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी पहारेकऱ्यांच्या बंदुका हस्तगत करून तटावरून उड्या टाकून निसटले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात हुतात्मे झाले. नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना त्याच साली कुंडलला उभी राहिली. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे असले तरी १९४९ पर्यंत ही सर्व गावे एकाच जिल्ह्यात वा त्याला लागून असलेल्या संस्थानांत होती. म्हणून एखाद्या वाड्याच्या माळ्यावर जुनी बंदूक निघाली की ‘ही प्रतिसरकारातली’ असे सहज म्हटले जाते.

असे म्हणणे खरे की खोटे, हे पाहण्याचा पहिला मार्ग सोपा आहे. ली-एन्फील्डचा दस्ता जेथे लोखंडाला मिळतो, तेथील कड्यावर उजव्या अंगास मुकुट, राजाची अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असते. साल १९४६ नंतरचे निघाले तर गोष्ट तेथेच संपली. ते १९१७ निघाले तर एवढेच कळले की बंदूक त्या काळी अस्तित्वात होती. .३१५ ची शिकारी रायफल निघाली तर निराळा विचार करावा लागतो. लष्कराचे .३०३ काडतूस खासगी माणसास मना होते म्हणून त्याच घडणीवर हे निराळे माप आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपविली आणि त्या बंदुकीचे मूळ काम गेले.

साल जुळले तरी कथा सिद्ध होत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनास आली. ग्रँट डफ साताऱ्यास असताना पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने ती त्यास दिली, असे त्यांच्या पेटीवर लिहिलेले आहे. पण पेटी स्कॉटलंडात बनलेली. आणि अफझलखानाच्या वेळची वाघनखे ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. आम्हांस हा प्रांजळपणा आवडतो.

घरात परवान्याची जुनी बंदूक असेल त्यांनी तिला कानस आणि पॉलिश लावू नये. ठसे झिजले की उरते ते लोखंड. परवान्याची जुनी पुस्तिका बंदुकीइतकीच जपावी, कारण क्रमांक आणि धारकाचे नाव तीत एकत्र सापडतात. आजोबांनी सांगितलेली हकीकत कोणी, कोणत्या साली सांगितली ते लिहून ठेवावे. आणि दस्ता कापलेला असला तर तो कापणारा कोण होता, हेही त्याच कागदावर टिपावे.