बर्फातली बालवाडी

डिसेंबरातल्या सकाळी कोणत्याही बालवाडीच्या दारात उभे राहा, एक वाक्य हमखास कानी पडेल : "बाई, आज याला बाहेर सोडू नका हं, गार वारा लागेल." त्या वेळी आपल्याकडे पारा फार तर बारा-चौदा अंशांवर असतो. उत्तर युरोपात याच दिवसांत तो पुष्कळदा शून्याखाली जातो. तरीही तेथील वनबालवाड्यांतली तीन ते सहा वर्षांची मुले सारी सकाळ जंगलात घालवतात. त्यांच्या बालवाडीला अनेकदा इमारत नसते. असलीच तर चाकांवरची एक लाकडी खोली आणि तीत एक शेगडी. मग ही माणसे मुलांविषयी बेफिकीर आहेत का? याचे उत्तर शोधायला थोडे इतिहासात जावे लागेल.

1904 साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे पाइनच्या झाडीत एक वनशाळा निघाली. ती होती शहरातल्या अशक्त, आजारी मुलांसाठी. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढेच उपाय हाती होते. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचल व मार्गारेट मॅकमिलन या भगिनी मुलांचा दवाखाना चालवीत. तेथे बरी झालेली मुले काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येत. मुलांची अंधारी, कोंदट घरे बदलल्याशिवाय नुसत्या औषधाने भागणार नाही हे या भगिनींनी ओळखले आणि 1914 साली खुल्या हवेतली बालवाडी काढली. बाग, एका बाजूने उघडे निवारे, अंघोळीची सोय आणि पोटभर जेवण अशी तिची रचना होती. म्हणजे मुलांना उघड्यावर आणण्याची ही कल्पना गरीब मुलांच्या आरोग्याच्या काळजीतून पुढे आली.

पुढची पायरी डेन्मार्कमध्ये पडली. 1950 च्या दशकात एला फ्लाताऊ या बाई मुलांना घेऊन रोज जंगलात जाऊ लागल्या आणि त्यातून 'चालती बालवाडी' आकाराला आली. स्वीडनमध्ये 1957 साली योस्ता फ्रूम यांनी 'स्कूग्समुल्ले' नावाचे एक वनातले पात्र निर्माण केले. 'स्कूग' म्हणजे जंगल, 'मुल' म्हणजे तेथली काळी सुपीक माती. त्याच्या गोष्टींतून मुलांची झाडा-प्राण्यांशी ओळख होऊ लागली. 1985 साली स्टॉकहोमजवळ लिडिंगो येथे वर्षभर, कोणत्याही हवेत बाहेर राहणारी बालवाडी सुरू झाली. जर्मनीत 1993 साली फ्लेन्सबुर्गच्या वनबालवाडीला शासनमान्यता मिळाली आणि पुढे तेथे अशा बालवाड्यांची संख्या हजाराच्या वर गेली.

या बालवाड्यांची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. पाणी हे हवेपेक्षा सुमारे 25 पट चांगले उष्णतावाहक आहे. म्हणून ओला हातमोजा हा नुसत्या थंडीपेक्षा मोठा शत्रू. यावरचे उपाय साधेच आहेत : एकावर एक पातळ कपडे, आत लोकर, वर पाणी न शिरणारा अंगरखा, कपड्यांचा कोरडा जादा जोड, गरम पेय आणि सतत हालचाल. वादळात झाडे मोडण्याचा धोका असला की जंगलात जात नाहीत. राहता राहिली सर्दी. ती होते विषाणूंमुळे, आणि थंडीच्या दिवसांत ती फैलावण्याचे एक मोठे कारण म्हणजे बंद खोल्यांतली दाटी.

आणि ही मुले करतात तरी काय? बर्फावर उमटलेल्या पावलांवरून ससा कोठून कोठे गेला ते शोधतात. वाटीभर पाण्यात पाने, फळे घालून ती रात्रभर बाहेर ठेवतात. सकाळी बर्फाची पारदर्शक चकती तयार! ती दोऱ्याने फांदीला टांगली की झाला दागिना. भांडे भरून भुसभुशीत बर्फ वितळवला की तळाशी थोडेसेच पाणी उरते, म्हणजे बाकी सारी हवा होती. आम्ही प्रयोगशाळेत ज्याला घनता म्हणतो ती इथे पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला कळते.

सणही या ऋतूतूनच येतात. जर्मनीत 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, मुले स्वतः केलेले कंदील घेऊन अंधारातून मिरवत जातात. स्वीडनमध्ये 13 डिसेंबरला लुसियाचा सण असतो : पांढरे झगे, डोक्यावर दिव्यांचा मुकुट आणि केशर घातलेले गोड पाव. डिसेंबरात स्टॉकहोमचा दिवस जेमतेम सहा तासांचा, तेव्हा दिव्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण 13 डिसेंबरच का? जुन्या ज्युलियन पंचांगाचे वर्ष 365.25 दिवसांचे होते आणि ऋतुवर्ष 365.2422 दिवसांचे. 128 वर्षांत एक दिवस चुके. चुकत चुकत चौदाव्या शतकात वर्षातला सर्वांत लहान दिवस 13 डिसेंबरच्या सुमारास येऊ लागला. स्वीडनने 1753 साली पंचांग सुधारले, सण मात्र जुन्या तारखेलाच राहिला. आपल्या मकर संक्रांतीचेही असेच झाले आहे. तेथे कारण संपातचलनाचे. सुमारे 72 वर्षांत एक दिवस सरकत ती उत्तरायणाच्या आरंभापासून आज 23-24 दिवस दूर आली आहे. ती त्या दिवशी नेमकी किती वर्षांपूर्वी येत असे, हे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्या.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. मुले येत नाहीत तर शाळेने जावे, हा त्यामागचा विचार.

म्हणून एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. इमारत नाही म्हणून झाडाखाली बसणे वेगळे आणि झाड हवे म्हणून त्याच्याखाली बसणे वेगळे. उघड्यावरच्या शिक्षणामागे कोरडे कपडे, गरम घास आणि मोजक्या मुलांमागे एक जाणते माणूस एवढी तयारी लागते. ती नसेल तर त्या उघडेपणाला हेळसांड म्हणावे लागेल, आणि हिवाळा तो फरक चटकन उघडा पाडतो. ज्या मुलाकडे एकच सदरा आहे त्याला दवात उभे करण्यापूर्वी त्याच्या स्वेटरची सोय करायला हवी.

ती झाली की यंदा एक करून पाहा. डिसेंबराच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत अंगणात एक काठी रोवा आणि रोज भर दुपारी तिची सर्वांत आखूड सावली खडूने आखा. ती वाढायची कधी थांबली, हे मुलेच येऊन सांगतील.