बर्फावरची जुनी जोडी

गेल्या नोव्हेंबरात माझ्या जुन्या स्कीज मुलीच्या बुटांच्या मापाला जुळवून घ्यायला मी इथल्या, म्हणजे कोलोरॅडोतल्या, एका दुकानात गेले. कारागिराने त्या उलट्या करून तळावरून अंगठा फिरवला, पोलादी कडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या आणि ‘छान ठेवल्यात’ असं म्हणाला. मग बाइंडिंगवरचं, म्हणजे बूट जिथे अडकतो त्या खटक्यावरचं नाव वाचून त्याने संगणकात एक यादी उघडली आणि स्कीज मला परत दिल्या. त्या बाइंडिंगला तो हात लावणार नव्हता.

ही यादी बाइंडिंग बनवणाऱ्या कंपन्या काढतात. यादीतल्या मॉडेलवर दुकानाने रीतसर काम केलं आणि पुढे कुणी जखमी होऊन कोर्टात गेलं, तर कंपनी दुकानाच्या पाठीशी उभी राहते. मॉडेल जुनं झालं की ते यादीतून जातं आणि मग दुकान एकटं पडतं. वस्तू धडधाकट, वापरणारी दारात उभी आणि तिचं आयुष्य संपल्याचं कुठल्यातरी कचेरीत ठरलेलं. मला राग आला. बोहारणीला जुनं लुगडं देतानाही ‘अजून निघेल वर्षभर’ असं म्हणणाऱ्या घरात मी वाढले आहे. स्की टाकायची वेळ झाली हे आजवर कोणी आणि कशावरून ठरवलं, हे शोधण्यात मग माझा तो हिवाळा गेला.

सुरुवात नॉर्वेतल्या डिगरवार्डेन या डोंगरावरच्या बर्फापासून करते. 2014 मध्ये तिथे वितळत्या बर्फातून एक लाकडी स्की बाहेर आली. वय सुमारे 1300 वर्षं. पुरातत्त्वज्ञ दुसरीची वाट पाहत राहिले आणि 2021 मध्ये पहिलीपासून जेमतेम पाच मीटरवर तीही सापडली. मोजली तर 187 सेंटिमीटर लांब, 17 सेंटिमीटर रुंद. पहिली त्याहून आखूड आणि अरुंद होती. पाय अडकवायला भुर्ज झाडाच्या पिळलेल्या फांद्या आणि चामड्याचा पट्टा. दोन्हींवर भरपूर झीज आणि दुरुस्तीच्या खुणा. अभ्यासकांच्या मते या दोघींचं पूर्वायुष्य वेगवेगळं होतं आणि कुणीतरी नंतर त्यांची जोडी लावली. मला हे फार आवडलं. त्या माणसाने स्कीज बदलल्या नव्हत्या, एकच स्की बदलली होती.

लाकडाच्या काळात बदलण्याचा अर्थ बहुधा एवढाच असे. तळाला पाइनचं डांबर तापवून चोळायचं, आपल्याकडे भांड्यांना कल्हई करत तसं, पुन्हा पुन्हा. स्कीला मधोमध एक बाक असतो. माणूस उभा राहिला की तो दबतो आणि वजन टोकांपर्यंत पसरतं. लाकूड थकलं की बाक मरतो. म्हणून हिवाळा संपला की दोन्ही स्कीज तळाला तळ लावून, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून बांधून ठेवत. वसंतात ठोकळा घालायचा कंटाळा केला की पुढच्या मोसमात त्याचा हिशेब चुकवावा लागे. टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदालचा सोंद्रे नॉरहाइम (1825–1897) याने एकोणिसाव्या शतकात स्की कमरेशी किंचित निमुळती केली आणि पिळलेल्या डहाळ्यांचं कडं टाचेमागून घेतलं. त्यामुळे उडी मारून वळता येऊ लागलं. पण हे सारं गावातल्या चाकू-रंध्याच्या आवाक्यातलं होतं.

पुढची सुधारणा साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर या हिशेबनीस गिर्यारोहकाची. कडक बर्फावर लाकडी कडा बोथट होतात म्हणून त्याने कडेला पोलादाचे छोटे छोटे तुकडे स्क्रूने बसवले आणि 1926 मध्ये पेटंट घेतलं. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात, तोच विचार. फरक इतकाच, की ही धाव तुकड्यांची होती. एखादा तुकडा निसटला तर तेवढाच नवा लावायचा. इथपर्यंत स्की म्हणजे सुट्या भागांचा संसार होता.

तो संसार मोडला हॉवर्ड हेडने. विमानाच्या कारखान्यात काम करणारा हा अमेरिकन इंजिनिअर 1947 मध्ये पहिल्यांदा स्कीइंगला गेला, सपशेल पडत राहिला आणि दोष लाकडाला दिला. (अशी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, हा मात्र घरी जाऊन खरंच कामाला लागला.) ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मधला गाभा उष्णतेने आणि दाबाने चिकटवून त्याने स्की केली. प्रशिक्षकांनी ती मोडून परत केली. त्याने पुन्हा केली, त्यांनी पुन्हा मोडली. 1950 मध्ये टिकणारी स्की बाजारात आली. वळायला ती इतकी सोपी होती की लोक तिला थट्टेने फसवी स्की म्हणत. पण चिकटवून एकजीव केलेल्या या वस्तूचे थर सुटले किंवा गाभ्यात पाणी शिरलं, तर घरच्या चाकू-रंध्याने तिचं काही होत नसे. दुरुस्तीची जागा आता बदलीने घेतली.

यानंतर स्कीज झिजण्याआधीच जुन्या होऊ लागल्या. 1974 मध्ये स्वीडनच्या फालुन गावी जागतिक अजिंक्यपदाची 30 किलोमीटरची शर्यत थॉमस मॅग्नुसनने फायबरग्लासच्या स्कीजवर जिंकली आणि काही वर्षांतच शर्यतींतून लाकूड हद्दपार झालं. 1990 नंतर स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी नॉरहाइमची किंचित कमर चांगली सिंहकटी करून टाकली. स्की नुसती कलती केली की आपोआप वळणारी ही नवी घडण आल्यावर, हात वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब आणि सरळ स्की घ्यायची हा जुना नियम मोडीत निघाला. शर्यतवाल्यांचं तर आणखी वेगळं. 2012 मध्ये पुरुषांच्या जायंट स्लॅलमसाठी स्कीच्या वळणाची त्रिज्या किमान 35 मीटर हवी असा नियम आला. पाच वर्षांनी तो 30 वर आला. पहिल्या वेळी कपाटातल्या चांगल्या स्कीज कागदावरच बाद झाल्या.

इथपर्यंत वाचून माझं मत पक्कं होत चाललं होतं, की हौसेने डोंगर उतरणाऱ्याने यातल्या कशाचीही घाई करू नये. तळावरचे ओरखडे भरता येतात. कडेला धार लावताना दर खेपेला थोडं पोलाद जातं, ते संपेस्तोवर स्की चालते. बाक उरला आहे का, हे दोन्ही तळ एकमेकांना टेकवले की दिसतं. मात्र हे झालं फळीचं. बाइंडिंगची गोष्ट निराळी निघाली.

1937 मध्ये ऑरेगनमध्ये स्थायिक झालेला नॉर्वेजियन स्कीपटू ह्याल्मार व्हाम याचा पाय माउंट हूडवर मोडला. तेव्हा बूट स्कीला जखडलेला असे. माणूस पडला की लांब फळी तरफेसारखी फिरे आणि नडगी पिळली जाई. व्हामने इस्पितळातल्या खाटेवर पडून, पिळ पडताच बूट सोडून देणाऱ्या खटक्याचा आराखडा काढला. बाइंडिंगचं काम धरून ठेवणं, तसंच वेळेवर सोडणंही, हा विचार त्यातून बाजारात आला.

हा विचार हाडं वाचवतो का, हे मोजलं रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली या तिघांनी. व्हरमाँटमधल्या शुगरबुशच्या उतारावर 1972 पासून त्यांनी जखमींची नोंद ठेवली, जखमींची बाइंडिंगं तपासली आणि धडधाकट लोकांच्या बाइंडिंगांशी ताडून पाहिली. पुढच्या दशकांत नडगी मोडण्याचं प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटलं. (गुडघ्याचे अस्थिबंध तुटणं मात्र वाढलं; खटका नडगी वाचवण्यासाठी केलेला होता, गुडघ्यासाठी नव्हे.) आणि पायाच्या दुखापती झालेल्यांत नीट न जुळवलेली, नीट न सुटणारी बाइंडिंगं जास्त आढळली.

माझा राग इथे निवळला. बाइंडिंगवरचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून लावतात; पण तो आकडा फक्त स्प्रिंग किती आवळली आहे एवढंच सांगतो. आतलं ग्रीस सुकलेलं असेल, चवड्याखालची घसरपट्टी झिजली असेल, तर खटका त्या आकड्याला सुटेलच असं नाही. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, यंत्रावर पिळूनच कळतं. प्लास्टिकच्या बुटांचंही तसंच. हवेतल्या दमटपणाने पॉलियुरेथेन आतून फुटत जातं, आणि माळ्यावर न वापरता ठेवलेला बूट एखाद्या सकाळी उतारावर बिस्किटासारखा तुटतो. लाकूड आपण थकल्याचं आधी सांगत असे.

शिवाय मुलीचे बूट नव्या धर्तीचे, चालायला सोपे जावेत म्हणून खालून गोलसर तळव्याचे. माझ्या जुन्या बाइंडिंगसाठी तो तळवा चालतच नाही, यादी असो वा नसो. दुकानातला मुलगा हेही सांगत होता. मी ऐकत नव्हते. त्याच फळ्यांवर नवं बाइंडिंग बसवायचं, तर नवी भोकं जुन्यांपासून अंतर राखून पाडावी लागतात, आणि मजुरीसकट खर्च यादीतलं बाइंडिंग असलेल्या एखाद्या वापरलेल्या जोडीच्या जवळ जातो. जानेवारीत तशीच एक जोडी घेतली. तिच्यासाठी त्याच मुलाने मला अर्धा तास यंत्राशी उभं करून आकडे दाखवले.

जुनं बाइंडिंग मी घरीच उतरवलं आणि त्याची चवड्याकडची बाजू हातोड्याने वाकवली, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी ते पुन्हा बसवू नये. फळ्या गॅरेजमध्ये आहेत. परवा तळाला तळ लावून पाहिलं, मध्ये अजून दोन बोटं जागा राहते.