मवाबाची साक्ष

मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये, मवाबी लोकांचे छोटेसे राज्य होते. त्यांच्याविषयी शतकानुशतके जे माहीत होते ते मुख्यतः बायबलमधून, म्हणजे शेजाऱ्याच्या आणि पुष्कळदा वैऱ्याच्या तोंडून. १८६८ साली धिबान येथे काळ्या बेसॉल्टचा शिलालेख युरोपीय अभ्यासकांच्या नजरेस आला आणि मवाबाची स्वतःची साक्ष मिळाली.

इ.स.पू. नवव्या शतकातला हा लेख राजा मेशाचा. बायबलमध्ये तो इस्राएलला लाख कोकरांची खंडणी देणारा मांडलिक आहे; इथे तो मुक्तिदाता आहे. कमोश देव स्वतःच्या भूमीवर कोपला, म्हणून इस्राएलच्या अम्री राजाने मवाबाला छळले. पुढे कमोशाच्याच कृपेने आपण जिंकलो, असे तो सांगतो. पराभव म्हणजे आपल्याच देवाचा कोप, ही समजूत इस्राएलचीही होती. दोघांच्या भाषाही सख्ख्या बहिणी. वैर होते ते असे घरोब्यातले.

म्हणून मेशाला निव्वळ पीडित मानू नये. नबो गावात बायकांसह सात हजार जणांना मारल्याचे तो अभिमानाने नोंदवतो. त्याच दगडावर घरोघरी पाण्याचे टाके खोदण्याची त्याची आज्ञाही आहे.

१८६९ मध्ये स्थानिक बदूंनी तो दगड फोडला. त्याआधी घेतलेल्या कागदी ठशामुळे बराचसा मजकूर बचावला. जोडलेले तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. तो ठसा नसता, तर मवाबाविषयी आपण अजूनही बव्हंशी शेजाऱ्यालाच विचारत राहिलो असतो.