सॅम्युअल बोर्न आणि हिमालयाची चौकट

नॉटिंगहॅमच्या बँकेतील नोकरी सोडून सॅम्युअल बोर्न १८६३ साली कलकत्त्यास उतरला आणि त्याच वर्षी सिमल्याहून हिमालयात शिरला. १८६४ मध्ये काश्मीर आणि १८६६ मध्ये स्पिती व गंगोत्री अशा त्याच्या आणखी दोन मोहिमा झाल्या. भारतातील छायाचित्रणाचा आरंभ काही त्याच्यापासून होत नाही; लिनियस ट्राइपने ब्रह्मदेशातील व दक्षिणेतील वास्तूंची चित्रे १८५०च्या दशकातच घेतली होती. परंतु पर्वत हाच विषय मानून त्याच्यामागे वर्षानुवर्षे जाण्याची चिकाटी बोर्नपाशी होती.

ही चिकाटी किती महाग होती, हे ओल्या कलोडियनची पद्धत लक्षात घेतल्याखेरीज कळत नाही. काचेवर कलोडियन ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच तंबूतील अंधारात धुवायची. काच वाळली की चित्र गेले. म्हणजे प्रत्येक दृश्यापाशी अख्खी प्रयोगशाळाच उभारावी लागे. शिवाय हे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होई. त्यामुळे आकाश पांढरे, कोरे उमटे, आणि हिमशिखराची कड त्या पांढऱ्यात विरून जाण्याचा धोका असे. माणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, बोर्नने या साधनांनिशी चित्रे घेतली, हे आजही थक्क करणारे आहे.

आणि तरीही त्याची तक्रार होती ती हिमालयाविषयीच! तळी नाहीत, रम्य पूल नाहीत, सगळे अवाढव्य, चौकटीत न मावणारे, असे त्याने इंग्लंडमधील छायाचित्रणाच्या नियतकालिकात लिहिले. इंग्रजी जलरंगचित्रांनी घडवलेली त्याची दृष्टी डोंगरात पाणी, झाड आणि दूरची निळाई यांचा परिचित मेळ शोधत होती. काश्मीरच्या सरोवरांपाशी त्याला तो गवसला, म्हणून तेथील चित्रे अधिक सुबक उतरली. उघड्या, रखरखीत स्पितीत तो मेळ मोडला. आणि या लेखकाच्या प्रतिपक्षी असलेल्या रसिकांना काहीही वाटो, बोर्नची खरी थोर चित्रे तेथलीच आहेत. आपल्या अभिरुचीला न पटणाऱ्या भूमीपुढे तो तेथे निरुपाय उभा आहे.

या चौकटीबाहेर ओझी वाहणारे होते. काश्मीरच्या मोहिमेत त्यांची संख्या चाळीसहून अधिक होती. काचा, रसायने, तंबू, साहेबाचे खाणेपिणे, सारे त्यांच्या पाठीवर. पहिल्या मोहिमेत काहीजण ओझी टाकून पळाले, तेव्हा काठी घेऊन आपण त्यांना घराघरांतून शोधून काढले, हे बोर्ननेच संकोच न बाळगता नमूद केले आहे. सौंदर्यग्रहण आणि सक्ती यांच्यात त्याला विसंगती जाणवली नाही. त्याला केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे. अधिक अवघड आहे ते चित्र पाहताना ही काठी विसरू न देणे.

१८७०च्या सुमारास तो मायदेशी परतला, सूतव्यवसायात शिरला आणि पुढे जलरंग रंगवू लागला. कलकत्त्यात बोर्न अँड शेफर्ड ही पेढी त्याच्यानंतरही चालली. १९९१च्या आगीत तिचा मोठा संग्रह नष्ट झाला आणि २०१६ साली ती बंद पडली. जगभरच्या संग्रहालयांत ठसे मात्र उरले आहेत. त्यांतील अनेकांत खडकाशी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. कड्याची उंची कळावी म्हणून त्याला तेथे ठेवले आहे. ठशाखाली स्थळाचे नाव असते, निगेटिव्हचा क्रमांक असतो. त्या माणसाचे नाव नसते.