खैरलांजी : ‘कारण’ या शब्दाचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सायंकाळी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल तेवढे बचावले. नागपूरच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण होण्याचा विजयादशमीचा सोहळा अवघ्या तीन दिवसांवर आला होता. पुढे नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे या घटनेकडे देशाचे लक्ष गेले.

हे का घडले? न्यायालयांच्या लेखी कारण होते सूड. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत या मायलेकींनी साक्ष दिली होती. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच सायंकाळी हल्ला झाला. भंडारा येथील विशेष न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये फाशी रद्द करून पंचवीस वर्षांचा कारावास दिला. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू मानला नाही.

‘सूड’ हे उत्तर आम्हांला खोटे वाटत नाही, अपुरे वाटते. या कुटुंबाचा शेतातल्या वाटेवरूनही गावाशी जुना तंटा होता. कोणाच्या शेतातून वाट हक्काने मागावी, कोणाची साक्ष गावाला उद्धटपणा वाटावी, हे आपल्याकडे जातच ठरवीत आली आहे. सूड आणि जात ही दोन वेगळी कारणे मानली, की त्यांतले एक सिद्ध होताच दुसरे आपोआप गळून पडते.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे कायद्याची भाषा बारकाईने वाचावी. १९८९ च्या कायद्यातील गंभीर गुन्ह्यांच्या कलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला, हे सिद्ध करावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तेथे ‘हे माहीत असताना’ अशा आशयाचे शब्द आले. मनातला हेतू शोधण्याऐवजी आता जातीची जाणीव पुरेशी ठरते. आधीच्या गुन्ह्यांना ही दुरुस्ती लागू होत नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले.

आम्हांला एवढेच विचारावयाचे आहे : खैरलांजीसारख्या लहानशा गावात कोण कोणत्या जातीचे, हे कोणाला माहीत नव्हते?