गच्चीवरचं गरम पाणी

सोलर वॉटर हीटर किती जुना असेल? गेले काही दिवस भेटेल त्याला मी हा प्रश्न विचारतोय. (बायको म्हणते, लोक आता मला बघून रस्ता बदलायला लागलेत.) बहुतेकांचं उत्तर, '१९८०-८५ च्या सुमारास'. एका मित्राने १९७३ च्या तेलटंचाईपर्यंत मजल मारली. खरं उत्तर आहे १८९१!

अमेरिकेत बाल्टिमोरला क्लॅरेन्स केम्प म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी काय केलं, तर पाण्याच्या टाक्यांना काळा रंग दिला, त्या पेटीत ठेवल्या आणि वर काच बसवली. झालं! नाव 'क्लायमॅक्स', पेटंट १८९१ चं. खप मात्र झाला पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. तिथे ऊन रग्गड, आणि कोळसा बाहेरून यायचा म्हणून महाग. लहान क्लायमॅक्स २५ डॉलरला मिळायचा आणि वर्षाकाठी साधारण ९ डॉलरचा कोळसा वाचवायचा. म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पासाडेना गावात १८९७ पर्यंत सुमारे ३० टक्के घरांवर अशी पेटी होती म्हणतात. पर्यावरणाचं नावही कुणी काढत नव्हतं. लोकांना खर्च कमी करायचा होता, बस्स.

दोष एकच. रात्रीत पाणी गार व्हायचं. म्हणजे नेमक्या सकाळच्या आंघोळीला कोमट! १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवायचा भाग आणि साठवायची टाकी वेगळी केली. खाली काचेआड नळ्या, वर नीट गुंडाळलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं, ते आपसूक वर चढतं. गार पाणी जड, ते खाली उतरतं. पंप नको, वीज नको. नाव ठेवलं 'डे अँड नाइट'. आपल्याकडे गच्च्यांवर सपाट पॅनेलचे सोलर दिसतात ना, ते तत्त्वतः हेच.

मग इतकी चांगली गोष्ट गेली कुठे?

१९२० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे साठे हाती लागले आणि गॅस स्वस्त झाला. लोकांनी सोलर सोडला. बेलींच्या कंपनीनेही गॅसचे हीटर करायला घेतले. धंदा आहे, त्यांना दोष कसा देणार? सोलर तिथून फ्लोरिडात गेला. १९४१ पर्यंत मायामीत निम्म्याहून अधिक लोक उन्हाने तापलेलं पाणी वापरत होते. मग युद्धात तांब्यावर बंधनं आली, युद्धानंतर वीज स्वस्त झाली, आणि तिथेही विजेच्या हीटरने बाजी मारली.

तिसरा अंक इस्रायलचा. १९५० च्या दशकात तिथे इंधनाची इतकी चणचण, की रात्री विजेवर पाणी तापवायला बंदी होती. सोलर आला. पुढे तेल स्वस्त झालं, सोलरचा खप पडला (आता हे पाठ झालं असेल तुम्हाला!). १९७३ नंतर डोळे उघडले आणि १९८० मध्ये नव्या घरांना सोलर सक्तीचा करणारा कायदाच झाला. आज तिथल्या ८० टक्क्यांहून अधिक घरांत तो आहे. स्वस्त इंधनाचे दिवस मध्ये येऊन गेले तरी तो टिकला, तो या कायद्यामुळे, असं माझं मत.

हे सगळं वाचायचं कारण आमची पुण्यातली सोसायटी. गच्चीवरचा आमचा सोलर पंधरा वर्षांचा झालाय. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार बसलेत, दुरुस्तीला खर्च आहे. दरम्यान पाइपलाइनचा गॅस आलाय. तेव्हा सोलर भंगारात काढून घरोघरी गॅस गीझर लावावेत असा ठराव आहे. हुबेहूब १९२० चं लॉस एंजेलिस!

माझा हिशोब साधा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साडेतीन युनिटइतकी उष्णता लागते. पावसाळ्याचे महिने सोडा, उरलेले दिवस ही उष्णता फुकट मिळते. गॅस आज परवडतो. पण देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो, त्याचा भाव आपल्या हातात नाही. शिवाय बंद न्हाणीघरात गॅस गीझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची भीती. महापालिकेने सोलरवाल्यांना मिळकत करात सवलत ठेवली, ती वेगळीच.

सेक्रेटरीसाहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा इतिहास ठीक आहे हो, पण तिसऱ्या मजल्यावर पाणी कोमट येतं त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. क्षार काढून, पाइपांना नवं आवरण घालून किती खर्च येईल, याची दोन कोटेशन्स मागवली आहेत. सभा पुढच्या रविवारी.