मामलेदारी की मास्तरकी?

१८७९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदवी जवळ आली की घरच्यांना मामलेदारी, मुन्सफी नाहीतर वकिली दिसू लागे. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्यांची ही आशा गैर कशी म्हणावी?

टेंभूच्या गरिबीतून आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र आईला पत्राने कळवून टाकले, की मोठ्या पगाराची वाट पाहू नकोस. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार. या पत्राचे कौतुक पुष्कळ झाले. त्या माउलीच्या मोडलेल्या आशेबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

वकिलीची परीक्षा दिलेले बाळ गंगाधर टिळकही मोठ्या पगाराऐवजी लोकांसाठी वेळ घालवण्याच्या बेतात होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडले, एम.ए. उरकून आगरकर तिथे रुजू झाले. टिळक-आगरकरांच्या याच खटपटीतून १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. तिथल्याही कित्येक पदवीधरांनी पुढे सरकारी नोकरीच धरली.